सकाळचं पहिलं खातं

रत्नागिरीतल्या एका आंबा व्यापाऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी बघतो. वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या), पेट्यांचे दर, बागायतदारांची येणी, सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. ऑफिसातल्या ताईंची तक्रार नेमकी होती. "दादा, सकाळी बागायतदार समोर येऊन बसतो तेव्हाच खातं उघडत नाही. दुपारी बघा, लगेच हजर."

टेस्ट मशीनवरही तेच. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली खात्याची मागणी, पहिल्यांदा रेंगाळायची, दुसऱ्यांदा क्षणात यायची. डिस्कवरून वाचलेली ८ केबीची पानं पोस्टग्रेस शेअर्ड बफर्समध्ये, म्हणजे मेमरीतल्या स्वतःच्या जागेत ठेवतं. खातं लवकर सापडावं म्हणून मी इंडेक्स, म्हणजे टेबलाची सूची, लावून बघणार होतो. मग वेग इंडेक्समुळे आला की मेमरीमुळे, हे कळणार कसं? दर चाचणीआधी कॅशे, म्हणजे मेमरीत साठलेली ही पानं, रिकामी करणं भाग होतं.

नुसत्या रीस्टार्टने भागत नाही. शेअर्ड बफर्स रिकामे होतात, पण खाली लिनक्सची पेज कॅशे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत ठेवलेली फाइलींची पानं, भरलेलीच राहते. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ या आज्ञेला बफर्स हा पर्याय जोडला की 'हिट' (शेअर्ड बफर्समध्ये सापडलेली पानं) आणि 'रीड' (बाहेरून वाचलेली पानं) असे आकडे दिसतात. त्यातला 'रीड' डिस्कवरूनच झाला असेल असं नाही, लिनक्सच्या मेमरीतूनही तो होतो. खरा घोळ इथेच होतो. म्हणून क्रम ठरवला: पोस्टग्रेस बंद, सिंक (मेमरीत राहिलेलं लिखाण डिस्कवर उतरवणं), रूट म्हणजे मुख्य वापरकर्ता होऊन लिनक्सच्या ड्रॉप-कॅशेस फाइलीत ३ लिहायचे म्हणजे पेज कॅशे रिकामी होते, पोस्टग्रेस चालू, मग क्वेरी. चालत्या सर्व्हरवर हे कधीही करू नये. ऐन हंगामात सगळ्यांचीच खाती रखडतील. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी आणखी जपावं. ५.७ आवृत्तीपासून ते बंद होताना बफर पूलमधल्या, म्हणजे त्याच्या मेमरीतल्या, पानांची यादी लिहून ठेवतं आणि चालू होताना ती पानं परत भरतं.

खऱ्या वापरात कॅशे भरलेलीच असते, मग कोल्ड, म्हणजे रिकाम्या कॅशेवरची, चाचणी कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. आमच्याकडे रात्री मशीन बंद करून जातात, वळीव झाला की लाईट जाते. सकाळचं पहिलं खातं रिकाम्या कॅशेवरच उघडतं. तीच वेळ महत्त्वाची, कारण समोर माणूस पैशासाठी थांबलेला असतो.

बागायतदार आणि तारीख यांवर एकत्र इंडेक्स लावला. कॅशे भरलेली असताना फरक जाणवलाच नाही, कारण अख्खं टेबल मेमरीत बसत होतं. रिकाम्या कॅशेवर मात्र खातं पटकन उघडलं. अख्ख्या टेबलाऐवजी मोजकीच पानं डिस्कवरून येत होती. जोडीला पोस्टग्रेसच्या पीजी-प्रीवॉर्म या जोडणीतलं ऑटोप्रीवॉर्म चालू केलं. ते बफर्समधल्या पानांची यादी लिहून ठेवतं आणि चालू होताना ती पानं परत भरतं. काही न बदलता ते दर ३०० सेकंदांनी ही यादी लिहितं, त्यामुळे लाईट अचानक गेली तरी थोड्या वेळापूर्वीची यादी असतेच. चाचणी घेताना मात्र ते बंद ठेवायचं, नाहीतर रिकामे केलेले बफर्स चालू होताक्षणी परत भरायला लागतात.