शिवसागराखालचा प्रोब होल

शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं दुसरं लेक टॅपिंग (भरलेल्या तलावाला खालून स्फोटानं बोगदा जोडणं) 25 एप्रिल 2012 रोजी झालं. स्फोटानंतर पाण्याला आलेल्या उसळीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. माझ्या मते मात्र खरी कसोटी त्याच्या बरीच आधी, बोगद्याच्या टोकाशी एका साध्या प्रोब होलवर, म्हणजे पुढचा खडक तपासायला मारलेल्या भोकावर लागली. भूवैज्ञानिक म्हणून त्या पाळीला मी तिथे होतो.

चौथ्या टप्प्यात वीजनिर्मितीची 250 मेगावॉटची चार यंत्रं, म्हणजे 1000 मेगावॉट. त्यांचा बोगदा 13 मार्च 1999 च्या पहिल्या लेक टॅपिंगनं जलाशयाला जोडलेला होता. पण तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून 630 मीटरच्या खाली गेली की तिथून पाणी घेता येत नसे. ऐन उन्हाळ्यात, विजेची मागणी टिपेला असताना, पाणी समोर असूनही यंत्रं थांबायची. आता 618 मीटरपर्यंतचं पाणी घ्यायचं होतं. त्यासाठी तलाव रिकामा करणं शक्यच नव्हतं. पोफळीच्या जुन्या वीजगृहाची यंत्रं याच पाण्यावर चालतात आणि खाली कृष्णाकाठची शेतीही. मग उरतो एकच मार्ग: तलाव तसाच ठेवून खालून बोगदा न्यायचा आणि शेवटचा काही मीटरचा खडक, ज्याला आम्ही प्लग म्हणतो, एका स्फोटात उडवायचा.

हा प्लग नकाशावर सरळ रेघेसारखा दिसतो, पण तलावाचा तळ तसा नसतो. वर गाळ आणि सुटे दगड, खाली बेसाल्ट, मध्येच ब्रेशिया, म्हणजे तुकड्यातुकड्यांचा ठिसूळ खडक. म्हणून प्रत्येक ब्लास्टिंगआधी पुढे बारीक, लांब भोकं मारून अंदाज घ्यायचा.

ड्रिलवर पाटणकडचे एक मामा होते. त्यांच्या वडिलांचं गाव याच पाण्याखाली गेलेलं. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, पण रॉडच्या थरथरीवरून त्यांना पुढचा खडक कळायचा. भोकातून करडं पाणी येत होतं, म्हणजे बेसाल्ट घट्ट होता. मग पाणी तांबूस झालं आणि रॉड जोर न लावताच वीतभर पुढे गेला.

"सायेब, मऊ लागलं," मामा ओरडले.

पुढच्याच क्षणी रॉडच्या कडेनं पाण्याची धार सुटली. डोक्यावर तीसएक मीटर पाणी होतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन किलो दाब. समोरच्या पोराचं हेल्मेट उडालं. मामांनी मशीन बंद केलं, पण रॉड ओढू दिला नाही. रॉड आत असेपर्यंत पाण्याची वाट निदान अर्धी अडलेली असते. त्या घाईत हे भान ठेवणं सोपं नाही. भोकाच्या तोंडाशी बसवलेल्या कॉलर पाइपचा व्हॉल्व्ह तयार ठेवून त्यांनी रॉड हळूहळू मागे घेतला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

मग आमचं काम सुरू झालं. व्हॉल्व्ह जरासा उघडून बादली आणि घड्याळ घेऊन गळती मोजली. पाणी काही वेळानं कमी होतंय का, गढूळ येतंय का, हे पाहिलं. स्वच्छ पाणी आलं तर फट जुनी आणि स्थिर. गढूळ येत राहिलं तर आतला माल वाहतोय, आणि त्याची भीती जास्त. आमचं पाणी हळूहळू निवळत गेलं. तलावाच्या दाबापेक्षा जास्त दाबानं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे फटी बुजवणारं पातळ मिश्रण, भरलं, ते मुरू दिलं आणि शेजारी दुसरं भोक मारलं. तिथे नुसते थेंब आले.

वेळापत्रक आधीच मागे पडलं होतं. तरी पुढच्या ब्लास्टची लांबी निम्मी करावी, असं मी लेखी दिलं. वरिष्ठांनी वाद न घालता मान्य केलं, याचं मला आजही समाधान आहे. बोगद्याच्या तोंडाशी वाचवलेला दिवस किती महाग पडू शकतो, हे त्यांना कळत होतं.

लेक टॅपिंगच्या स्फोटाआधी बोगद्यात पाणी भरतात, प्लगखाली दाबलेल्या हवेचा कप्पा राखतात. धक्का ती हवा झेलते, बोगद्याचं गेट वाचतं. फुटलेला खडक खाली खणलेल्या रॉक ट्रॅपमध्ये पडतो. बटण दाबलं गेलं तेव्हा लोक तलावाकडे पाहत होते. पाणी उसळलं म्हणजे स्फोट झाला, पण तोंड पूर्ण मोकळं झालं का, ते तिथून कळत नाही. त्यामुळे मी दाबमापकापाशी उभा होतो. काटा जोरात हलला, काही वेळ थरथरला आणि तलावाच्या पातळीइतक्या दाबावर स्थिरावला.