थिअरी कुठंय?

पीएचडीचा विषय घेतला तेव्हा सरळ वाटला होता: यावल तालुक्यातल्या केळी उत्पादकांची माहिती साक्षरता. मी ग्रंथालयशास्त्रातली, त्यामुळे मोजपट्टी तयारच होती. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेची २००० सालची मानकं: गरज ओळखा, माहिती शोधा, पारखा, वापरा. विद्यार्थ्यांसाठी केलेली ही पट्टी शेतकऱ्यांना लावताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. बहुतेक जण 'कमी साक्षर' निघाले.

गाइड सरांनी प्रकरण चाळून विचारलं, "थिअरी कुठंय?" मग मी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दियूचे भांडवल (नुसता पैसा नव्हे, पत आणि ओळखीही), हॅबिटस (अंगवळणी पडलेली रीत), क्षेत्र (जिथं ही चढाओढ चालते ते) हे शब्द प्रत्येक तक्त्याखाली चिकटवले. सर म्हणाले, "बारशाला आलीयेस का? नुसती नावं ठेवत सुटलीस."

अडलेलं सुटलं ते नानांच्या केळीच्या बागेत. नानांना माझ्या प्रश्नावलीत २० पैकी ६ गुण. मोबाइलवर बोर्डाचा, म्हणजे केळीचा त्या दिवशी जाहीर झालेला भाव आला. त्यांनी एक नजर टाकली आणि बऱ्हाणपूरला जावयाला फोन लावला. मग माल भरणाऱ्या मजुराला, "आज किती गाड्या लागल्या?" त्यानंतर भाव ठरवला. चालता चालता एका रोपापाशी थांबले, पान वाकवून पिवळट रेघांवर अंगठा फिरवला. "हरण्या. हे उपटा." हरण्या म्हणजे केळीवरचा विषाणूजन्य रोग. मला ते रोप शेजारच्यासारखंच दिसत होतं. यातल्या कशालाच माझ्या फॉर्ममध्ये चौकट नव्हती.

त्या आठवड्यात ॲनमेरी लॉइड यांचं ऑस्ट्रेलियातल्या अग्निशामकांवरचं संशोधन पुन्हा वाचलं. नवखा जवान पुस्तकातून नियम शिकतो. पण आग ओळखायला शिकतो ती जुन्या जवानांसोबत, स्वतःच्या अंगानं. नानांचा अंगठा आठवला. माझा प्रश्नच बदलला: यांना किती येतं हे सोडून, इथं माहिती कशाला म्हणतात आणि ते कोण ठरवतं. प्रश्नावली बाजूला ठेवून मुलाखती घेतल्या. शीर्षकबदलाच्या अर्जाचं रडगाणं इथं गात नाही.

बोर्दियूही परत आला, यावेळी बोलावून. कारण सगळं माहीत असून त्या दिवशी नानांनी माल कमी भावानंच दिला. घड पिकायला लागलेले, आणि गाडी लावणारा व्यापारी एकच. ठाऊक असलेलं वटवायला पत लागते. ती व्यापाऱ्याकडे होती. एकट्या लॉइडवर विसंबले असते तर प्रबंध नुसता गोडगोड झाला असता.

नानांचा ६ गुणांचा फॉर्म, नाव खोडून, मी परिशिष्टात लावलाय. सर म्हणतात, काढ. अजून काढलेला नाही.