६४१चा भागाकार

शाळा म्हटलं की मला एक दहा अंकी संख्या आठवते: ४२९४९६७२९७. नववीत गणिताच्या बाईंनी ती फळ्यावर लिहिली आणि आम्हाला एका सुरात वाचायला लावली. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

तिच्या आधी पाच संख्या लिहून झाल्या होत्या: ३, ५, १७, २५७, ६५५३७. संख्येतून एक वजा करायचा, उरेल त्याचा वर्ग करायचा आणि एक मिळवायचा, की पुढची संख्या तयार. या पाचही मूळ संख्या. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं की ही रांग अशीच मूळ संख्यांची चालत राहणार. सहावी मूळ आहे का, असं बाईंनी विचारलं तेव्हा आम्हीही सगळ्यांनी हात वर केले.

बाई एवढंच म्हणाल्या, "६४१ने भागून बघा."

तो भागाकार मला आजही तोंडपाठ आहे. ४२९४ला सहाचा भाग, बाकी ४४८. वरचा ९ खाली घेतला, ४४८९ झाले. ६४१ सत्ते ४४८७, बाकी २. पुढे दोनदा भागच जात नाही, म्हणून भागाकारात दोन शून्यं. (मी ती विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं.) मग ४, मग १, आणि बाकी पुन्हा ४४८! मघाशी तिच्यापुढे ९ आला होता, आता शेवटचा ७ आला. ४४८७. सातचा भाग, बाकी शून्य. उत्तर ६७००४१७. वर्गात कुणी बोलेना.

ऑयलर या गणितज्ञाने हा विभाजक १७३२ मध्ये दाखवला. पुढे त्यानेच सिद्ध केलं की या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला ६४ने भागलं तर बाकी १च उरते. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा थेट ६४१. नाहीतर ६५५३६पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या हाताशी घेऊन बसावं लागलं असतं.

पण मला खरं वेड लावलं ते दुसऱ्या दिवशीच्या तासाने. बाईंनी भागाकार न करताच तेच सिद्ध केलं. ६४१ म्हणजे ६२५ + १६, आणि ६४१ म्हणजेच ६४० + १. आपली संख्या २चा ३२वा घात अधिक १. त्या घातातून १६ बाहेर काढा आणि त्याच्या जागी ६४१ − ६२५ लिहा. ६२५ म्हणजे ५चा चौथा घात, त्याने उरलेल्या २च्या २८व्या घाताला गुणलं की ६४०चा चौथा घात होतो, कारण ६४० म्हणजे ५ गुणिले २चा सातवा घात. आता फक्त ६४०च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यावर ६४१ने भाग जातो का, एवढंच पाहायचं. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र दोनदा लावलं की ६३९ गुणिले ६४१ समोर उभे! जे सूत्र आम्ही गुणांसाठी घोकलं होतं, त्याचं सामर्थ्य मला त्या दिवशी कळलं. पुढे मी गणितच घेतलं.

आजवर त्या पाचांनंतर या रांगेत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. आता नववीत असलेल्या मुलामुलींसाठी सातवी संख्या इथे लिहून ठेवते: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचा एक विभाजक १८८० मध्ये सापडला, २७४१७७. वहीचं पान आडवं धरा आणि भागाकारातली शून्यं विसरू नका.