आगीतून फुफाट्यात

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हा माजी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न पाठवलाय: शाळेने तुम्हाला काय दिलं? माझ्यापुरतं सांगायचं तर आगीकडे बघायला शिकवलं. पुढे सगळी नोकरी मुंबईच्या अग्निशमन दलात झाली, त्यामुळे ते बघणं पोटापाण्याचंच ठरलं. शिकवणारे दोघे होते, विज्ञानाचे सर आणि मराठीच्या बाई. आपण दोघं एकच विषय शिकवतोय याची त्यांना कल्पना नसावी.

आधी सरांचं सांगतो. प्रयोगशाळेत तेव्हा गॅसचे बर्नर नव्हते. स्पिरिटचा दिवा होता, तोही एकच, म्हणून आठवीत ज्योत शिकवली ती मेणबत्तीवर. सरांनी मेणबत्ती पेटवली, फुंकली, आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला वरच्या वर जळती काडी लावली. ज्योत रेघेवरून सरसर खाली उतरली आणि वातीवर जाऊन बसली. काडी वातीला शिवलीसुद्धा नव्हती! मागच्या बाकांवरची मुलं उभी राहिली, मग सरांनी तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. नंतर काचेची बारीक नळी ज्योतीच्या आतल्या काळसर भागात धरली आणि नळीच्या दुसऱ्या तोंडाशी आणखी एक ज्योत पेटवली. जळते ती मेणाची वाफ, आणि ज्योतीच्या पोटात अजून न जळलेला माल असतो, हे फळ्यावर काहीही न लिहिता समजलं. पिवळा उजेड पडतो तो काजळीच्या तापलेल्या कणांचा. पांढरी बशी ज्योतीत धरली की तेच कण तिच्यावर काळे होऊन बसतात. मायकेल फॅरेडेने १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. आम्हाला त्यातलं एखादंच मिळालं असेल, पण मिळालं ते अस्सल.

शेवटी तारेची जाळी. ज्योतीवर जाळी आडवी धरली की ज्योत जाळीपाशीच तुटते, वर नुसता धूर जातो. तार उष्णता ओढून घेते आणि पलीकडे गेलेली वाफ पेट घेण्याइतकी तापलेली राहत नाही. हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी दिवा केला तो याच जोरावर. सर म्हणाले, "आग विझवायची म्हणजे तिच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं. काय काढून घ्यायचं ते बघून ठरवायचं." पुढे भरतीनंतरच्या प्रशिक्षणात जळण, हवा आणि उष्णता असा त्रिकोण फळ्यावर निघाला, तेव्हा मला त्यात नवा फक्त त्रिकोण होता.

बाईंचा तास वेगळा. वाक्प्रचार पाठ करून घेण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोघांत विस्तव का जात नाही, हे आधी सांगा म्हणायच्या. काडेपेटी घरोघरी येण्याआधी शेजारून निखारा मागून चूल पेटवायची रीत होती. तेवढं देणंघेणंही जिथे तुटलं, तिथे भांडण किती पुढे गेलं असेल ते बघा. आमच्या चाळीत पाण्याच्या नळावरून अशी दोन बिऱ्हाडं होतीच, त्यामुळे उदाहरण शोधावं लागलं नाही.

एकदा 'आगीतून फुफाट्यात' आलं. वर्गातल्या हुशार मुलाने शंका काढली की फुफाटा म्हणजे गरम राख, मग आगीतून राखेत पडणं ही सुटकाच नाही का? बाईंनी उत्तर दिलं नाही. वर्गात कोल्हापूरकडून आलेला एक मुलगा होता, त्याच्या गावी गुऱ्हाळं होती. त्याला उभं केलं. तो म्हणाला, "बाई, आग दिसते, तिथं कोण पाय ठेवतंय? राख दिसली की वाटतं विझलंय. पाय आत गेला की कळतं." बाई म्हणाल्या, "बस. झालं."

त्या मुलाचं हे वाक्य मी दलात किती नव्या पोरांना ऐकवलं असेल! ज्वाळा दिसते तिथे माणूस आपोआप सांभाळून असतो. धुमसणारी आग जास्त फसवते. बंद खोलीत आगीला हवा कमी पडली की ज्वाळा बसते, धूर मात्र तापलेला आणि जळण्याजोग्या वायूंनी भरलेला असतो. म्हणजे सरांच्या नळीतला तोच न जळलेला माल, आता खोलीभर. अशा वेळी दार धाडकन उघडलं की बाहेरची हवा आत घुसते आणि सगळा धूर एकदम पेटून दारातून अंगावर येतो. म्हणून दाराला आधी हात लावायचा तो पालथा, आणि उघडायचं ते बाजूला वाकून, हळूहळू. शिवाय धुमसताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. ज्वाळेपेक्षा धूर जास्त माणसं मारतो.

कापूस तर धुमसण्यात पटाईत. माझे वडील गिरणीत ब्लो रूमला, म्हणजे कापूस मोकळा करून साफ करणाऱ्या खात्यात होते. रुईत एखादा लोखंडाचा तुकडा आला की यंत्रात ठिणगी उडते, हे मी घरीच ऐकत मोठा झालो. दाबून बांधलेल्या गाठीत तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. त्यामुळे गाठ आतल्या आत जळत राहते आणि वरून मारलेलं पाणी आत पोचत नाही. गाठ फोडावीच लागते.

चाळीतली म्हातारी माणसं 'गोदीचा स्फोट' म्हणायची, त्याची सुरुवातही कापसाच्या धुरानेच झाली. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' बोट लागलेली, पोटात कापसाच्या गाठी, सुमारे १४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटासुद्धा. दुपारी धूर दिसला, बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला, पण मूळ ठिणगी गाठींच्या ढिगाऱ्यात खोल. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली म्हणतात. शेकडो माणसं गेली, त्यांत दलाचे ६६ जवान. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. दरवर्षी मानवंदनेला उभा राहिलो की मला सर आणि बाई दोघं आठवत.

बाईंच्या यादीतला एकच वाक्प्रचार मला अपुरा वाटतो. आगीत तेल ओतणे वाईट खरंच, पण पेटलेल्या तेलात पाणी ओतणे त्याहून वाईट. पाणी तेलाच्या खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. मग जळतं तेल छतापर्यंत उडतं. कढई पेटली तर गॅस बंद करा, वर झाकण ठेवा आणि तिथून हलवू नका. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' मात्र तंतोतंत आहे. वर्दी देणारा माणूस घाबरून गल्ली सांगायचं विसरतो, तेव्हा तेच होतं.

सर एकदा बाईंना शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते, तुमच्यात शास्त्राला धरून असलेला वाक्प्रचार एकच, तळपायाची आग मस्तकात जाणे. आग वरच चढते! वह्या ठेवायला गेलो होतो म्हणून मी ते ऐकलं. बाई हसल्या नाहीत. जुन्या लाकडी जिन्यांच्या इमारतींत मी ते डोळ्यांनी पाहिलं. आग तळमजल्यावरच्या भंगारात लागते, जिना धुराड्यासारखा वर खेचतो, आणि गुदमरतात ती सगळ्यात वरच्या मजल्यावरची माणसं.

हे इथे लिहायचं कारण, परवा स्मरणिकेच्या बैठकीला शाळेत आलो होतो. रंगरंगोटी उत्तम झालीय, प्रयोगशाळेत बर्नर आलेत, भिंतीवरच्या फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे, तेही तपासलं. पण मुख्य जिन्याखाली मोडके बाक, रद्दीचे गठ्ठे आणि मागच्या गॅदरिंगचे पडदे रचून ठेवलेत. मुख्याध्यापकांना सांगितलंय, शिपायांनाही सांगितलंय. अमृतमहोत्सवाच्या दिवशी मी आधी जिन्याखाली डोकावणार आहे, मग सभागृहात.