अजून नाव नसलेला बेडूक

कर्नाटकातील पश्चिम घाटात असलेल्या आगुंब्याला पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस मुसळधार पावसात खोलीतच गेले, त्यामुळे त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे आहे ते तिसऱ्या रात्रीविषयी. बेडकांच्या अभ्यासकांच्या एका लहान गटाने मला सोबत येऊ दिले होते, आणि विजेरी धरणे व हवेचे तापमान लिहून घेणे एवढे काम माझ्याकडे सोपवले होते.

वर्षावनातील झुडपांवर राहणारे हे बेडूक जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढे असतात आणि एकाच जातीत त्यांचे रंग इतके बदलतात की केवळ डोळ्यांच्या भरवशावर त्यांची ओळख पटत नाही. ती पटते मुख्यतः नराच्या आवाजावरून. मात्र गार हवेत नर सावकाश ओरडतो, म्हणून प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत त्या क्षणीचे तापमान नोंदवलेले नसेल, तर दोन रात्रींचे आवाज एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. माझ्या किरकोळ वाटणाऱ्या कामाचे मोल मला तेव्हा कळले.

साडेनऊच्या सुमारास, चहूकडे सलग टिकटिक चालू असताना, कमरेएवढ्या उंचीच्या एका पानावरून दोन-दोन ठोक्यांचा तुटक आवाज येऊ लागला. गटातील ज्येष्ठ संशोधक बाई जागच्या जागी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “हा आवाज माझ्या ओळखीचा नाही.” आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. पाच मिनिटांचे स्वच्छ मुद्रण हवे होते. पण घाटरस्त्यावरून जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांच्या भोंग्यांनी ते तीनदा मोडले, आणि प्रत्येक वेळी तो नर गप्प झाला. रात्रीच्या जंगलात विनाकारण भोंगा वाजवणाऱ्यांचा मला इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता.

मुद्रण झाल्यावर त्याला पकडले. वन विभागाची परवानगी होती, आणि पुढे काय होणार हे मला आधीच सांगितलेले होते, तरीही प्रत्यक्ष पाहताना माझा हात थरथरला. आधी जिवंतपणी छायाचित्रे घेतली, कारण द्रावणात गेल्यावर रंग उडतात. मग भूल देणाऱ्या द्रावणात तो शांत होत होत संपला. देह टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मेलिनमुळे डीएनए खराब होतो, म्हणून त्याआधीच मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून अल्कोहोलमध्ये ठेवला गेला. थोड्या वेळापूर्वी गळ्याची पिशवी फुगवून ओरडणारा जीव आता एका क्रमांकाच्या चिठ्ठीसह बाटलीत होता.

“छायाचित्र आणि आवाज पुरेसे नाहीत का?” असे मी विचारले. उत्तरादाखल बाईंनी सी. आर. नारायण राव यांची हकिगत सांगितली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील या प्राणिशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये पश्चिम घाटातील अनेक बेडकांची नव्या जाती म्हणून वर्णने प्रसिद्ध केली, आणि २०१० मध्ये वेगळ्या काढलेल्या झुडूपबेडकांच्या गटाला त्यांच्याच नावावरून रावॉर्केस्टेस म्हणतात. परंतु त्यांचे मूळ नमुने पुढे हरवले. त्यामुळे त्यांनी नाव दिलेला बेडूक म्हणजे आज जंगलात दिसणाऱ्यांपैकी नेमका कोणता, हे ठरवताना अभ्यासकांची फार ओढाताण होते. ताडून पाहायला मूळ देहच नसेल, तर नाव अधांतरी राहते. मला हे पटले, पण वाईट वाटायचे थांबले नाही, आणि ते थांबावे असे मला वाटतही नाही.

आता संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी त्याची मोजमापे जुळवली जातील, स्नायूच्या तुकड्यातील, जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस या जनुकाचा क्रम जवळच्या जातींशी ताडला जाईल आणि आवाजाचे आलेख तपासले जातील. ही तिन्ही उत्तरे एकाच दिशेने गेली, तरच नव्या जातीचा दावा करता येईल. तोवर माझ्या वहीत त्याच्यासाठी नमुन्याचा क्रमांक, वेळ आणि तापमान एवढीच नोंद आहे: रात्री ९ वाजून ५० मिनिटे, २१ अंश.