अकरा मीटरची लाट आणि माझा खांदा

मार्चपासून माझी ॲक्टिवा झाकून ठेवलेली आहे. उजवा खांदा असा आखडला की फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहायची तर डाव्या हाताने कोपर उचलून धरावं लागे. वेणी घालायला लेक. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. शुगरवाल्यांना जास्त होतो. मी शुगरवाली. शाळेला सुट्टी लागली आणि धंतोलीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दहा दिवस शॉर्टवेव्ह डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या विद्युत लहरींनी आतून ऊब देणारा, शेक सुरू झाला.

मे महिन्यात, नागपुरात, शेक!

पहिल्या दिवशी आप्पा, म्हणजे सासरे, सोबत होते. मशीन लावण्याआधी तिथल्या मुलीने त्यांनाच विचारलं, "काकाजी, तुम्हाला पेसमेकर तर नाही ना?" होता. त्यांची रवानगी थेट बाहेरच्या बाकावर. "दुखनं सुनेचं, अन् मले काहून हाकलता?" आप्पा कुरकुरले. मग तिने माझे डोळे मिटवून गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या आळीपाळीने खांद्याला लावल्या. शुगरमध्ये त्वचेची जाणीव कमी झाली असेल तर भाजलेलं कळतच नाही. "कोमट वाटलं पाहिजे. चटका बसला की लगेच ओरडायचं."

खांद्याच्या पुढे एक पॅड, मागे एक, मध्ये टॉवेलची घडी. घडी घामासाठी. घामाचा थेंब राहिला तर तोच तापून पोळतो, म्हणून ती मुलगी दोनदा टिपून घ्यायची. कूलरसमोरही मला घाम थांबत नव्हता.

मशीनच्या पट्टीवर २७.१२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं. विज्ञानाची मास्तरीण, गप्प कशी पडून राहणार? प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, भागिले हे. लाटेची लांबी अकरा मीटर! खोली चार मीटरचीही नसेल. सेकंदाला दोन कोटी एकाहत्तर लाख वेळा मागेपुढे होणारं हे विद्युत क्षेत्र अंगातल्या पाण्याला आणि क्षारांना हलवतं, त्यातून आतच ऊब तयार होते. लाल दिव्याचा शेक कातडीवरच थांबतो, हा खोल जातो.

तिसऱ्या दिवशी मात्र मीच घोळ केला. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ, सगळं काढलं, आणि कुर्त्याच्या आत पट्टीला लावलेली सेफ्टी पिन विसरले. पाचव्या मिनिटाला एकाच जागी मुंगी डसल्यासारखं झालं. ओरडले, मशीन बंद झालं. मसूरीएवढा लाल ठिपका उठला होता. धातूजवळ क्षेत्र एकवटतं. माझ्याच विद्यार्थ्याने परीक्षेत हे लिहिलं नसतं तर मी त्याचे मार्क कापले असते.

शेकाने खांदा बरा झाला का? नाही. वीस मिनिटांनी तो जरा सैल व्हायचा, आणि तेवढ्या वेळात ती मुलगी माझ्याकडून भिंतीवर बोटं चालवून घ्यायची, दोरीची पुली ओढून घ्यायची. रडू यायचं ते तिथे. खरं काम व्यायामाचंच.

हे शेजारच्या काकूंना सांगितलं, तर त्या "लहरींचा" पट्टा घ्यायला निघालेल्या. विकणाऱ्याला फोनवर मी विचारलं, फ्रिक्वेन्सी किती? "ताई, हे ऊर्जेचं काम आहे," तो म्हणाला. काकूंच्या गुडघ्यात धातूची वाटी आहे, हे त्याने विचारलंही नव्हतं. त्यांना म्हटलं, आधी ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी रोज पेन्सिलची रेघ मारते. कालची रेघ हळदीच्या डब्याच्या फळीखाली दोन बोटं आहे. शाळा उघडायला अजून तीन आठवडे आहेत. वेणी लेकच घालते.