शिकोकूची पायवारी: ८८ देवळं आणि रोजच्या रीती

जपानच्या शिकोकू बेटाला वळसा घालत ८८ देवळांची एक वाट जाते. लांबी साधारण १,२०० किलोमीटर. रोज २५-३० किलोमीटर चाललं तर ४० ते ५० दिवस लागतात. जपानमध्ये शिंगोन बौद्ध पंथ स्थापणारे कूकाई (७७४–८३५) याच बेटावर जन्मले. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात आणि ही वाट त्यांच्या नावाची आहे. आळंदी-पंढरपूर पायाखालून गेलेल्या माणसाला वाटतं, चालणं तर आपल्याला येतंच. ते येतंही. अडतं ते चालणं थांबल्यावर: दारात, न्हाणीघरात, जेवणाच्या पाटावर. म्हणून मी वाटेच्या नकाशाइतकंच तिथल्या रोजच्या रीतींबद्दल लिहितो आहे.

आपल्या वारीत दिंडी असते, सामानाचा ट्रक पुढे जातो, तंबू आणि पंगत तयार असते. इथे यातलं काहीच नाही. प्रत्येक जण एकटा, आपलं ओझं आपल्या पाठीवर. सॅक सहा किलोंच्या आत बसवा. दहा किलो घेऊन निघालेल्यांचे पाय तिसऱ्या-चौथ्या दिवशीच फोडांनी भरतात. कारण डोंगर नव्हे, डांबर. वाटेचा बहुतेक भाग पक्क्या सडकेचा आहे, त्यामुळे कडक तळव्याच्या गिर्यारोहणाच्या बुटांपेक्षा जाड, मऊ तळव्याचे चालायचे बूट बरे, तेही अर्धा-एक नंबर मोठे. बोगदे पुष्कळ लागतात; सॅकला चमकणारी पट्टी लावलीच पाहिजे.

सुरुवात तोकुशिमा प्रांतात, पहिलं देऊळ र्योझेन्जी. बान्दो स्टेशनावरून चालत पंधरा-वीस मिनिटं. पांढरा अंगरखा, गवताची टोपी, काठी, मेणबत्त्या, उदबत्त्या, नाव लिहायच्या चिठ्ठ्या आणि प्रत्येक देवळाचा शिक्का घ्यायची वही इथेच मिळते. पांढरा रंग कफनाचा आहे. पूर्वी वाटेत मरण आलं तर तिथेच पुरत आणि काठी खूण म्हणून उभी करत. काठीलाच कोबो दाइशी मानतात, म्हणून टोपीवर आणि अंगरख्यावर ‘दोग्यो निनिन’ लिहिलेलं असतं: सोबत दोघं चाललो आहोत. मुक्कामी पोचलं की आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण ओझु गावातल्या एका पुलाखाली दाइशींनी रात्र काढली अशी कथा आहे. सगळ्यांच्या काठ्या सारख्या दिसतात आणि हॉटेलाच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये अदलाबदल होते. रंगीत दोरी बांधून ठेवा.

देवळातला क्रम ठरलेला आहे. वेशीत वाकून नमस्कार, मग पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. घंटा आल्यावर वाजवायची, निघताना नाही. निघताना वाजवणं अशुभ धरतात. मुख्य मंदिरापुढे एक मेणबत्ती, तीन उदबत्त्या. मेणबत्ती वरच्या, मागच्या ओळीत लावा, म्हणजे नंतर येणाऱ्याचा हात पोळणार नाही. दुसऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली पेटवू नये, त्याचं कर्म आपल्याकडे येतं असं मानतात. मग चिठ्ठी, नाणं आणि हृदयसूत्र या छोट्या बौद्ध सूत्राचं पठण. शेवटचं ‘ग्याते ग्याते हारा ग्याते’ ऐकताच मराठी कानाला ‘गते गते पारगते’ ओळखू येतं. हेच सगळं त्याच आवारातल्या दाइशींच्या मंदिरात पुन्हा. दोन्हींना मिळून अर्धा तास धरा.

शिक्क्यांची कचेरी संध्याकाळी पाचला बंद होते, एक मिनिट इकडेतिकडे नाही. सकाळी ती आठला उघडते. २०२४ पासून शिक्क्याचे ५०० येन झाले आहेत, म्हणजे ८८ देवळांचे ४४,००० येन, आणि ते रोख. पावणेपाचला पोचलेले लोक आधी शिक्का घेऊन मग दर्शनाला जातात. अडचणीत चालतं, पण तसा बेत आखू नये. शाई ओली असते. पानांमध्ये टीपकागद आणि वहीला प्लास्टिकची पिशवी हवीच.

पहिली खरी परीक्षा अकराव्या फुजीइदेरापासून बाराव्या शोसान्जीपर्यंत. तेरा-एक किलोमीटर, पण तीन मोठे चढ आणि मध्ये उतार, एकही दुकान नाही. सहा ते आठ तास लागतात. सकाळी सातच्या आत निघा, दोन लिटर पाणी आणि दुपारचं जेवण सोबत. गुडघे उतारावर जातात, चढावर नाही. पुढे कोची प्रांताकडे अंतरं लांबतात: तेविसाव्यापासून चोविसाव्यापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर आणि सदतिसाव्यापासून अडतिसाव्यापर्यंत ८० च्या वर, दोन्हीकडे बरीचशी वाट समुद्राच्या कडेने. तिथे दुकानंही विरळ. पेयांचं यंत्र दिसलं की बाटली विकत घेऊन ठेवायची.

मुक्काम मिन्शुकू नावाच्या घरगुती खानावळवजा घरांत. दोन जेवणांसह साधारण सात-नऊ हजार येन, बहुतेक ठिकाणी रोखच. एक-दोन दिवस आधी फोन करा. जपानी येत नसेल तर आजच्या मुक्कामाच्या मालकिणीला विनंती केली की ती पुढचा फोन लावून देते. रात्रीचं जेवण सहाला. ते आपल्या नावाने शिजतं, म्हणून न कळवता न जाणं हा तिथला मोठा अपराध. पाय दुखतो, पोचणार नाही असं दुपारी कळलं तर दुपारीच कळवा.

दारातल्या खालच्या फरशीवर बूट काढायचे, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. आत चपला मिळतात, पण तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, त्या चालत नाहीत, आणि संडासाच्या चपला वेगळ्या. त्या घालून जेवायच्या खोलीत येण्याइतकं लाजिरवाणं काही नाही. अंघोळ टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून. साबण पूर्ण धुऊन मग गरम पाण्यात बसायचं. ते पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं, त्यामुळे टॉवेल बुडवायचा नाही आणि बाहेर येताना बूच काढायचं नाही. नवखे नेमकं हेच करतात आणि मागच्या चार जणांची अंघोळ जाते.

शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे. मांस टाळणं सोपं, पण रस्सा, सूप, सॉस यांत दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा कात्सुओ माशाचा. वाटेवरच्या शेवटच्या कागावा प्रांतातल्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शात सुक्या माशांचा अर्क असतो. देवळाच्या धर्मशाळेतही मासे वाढले जातात, त्यामुळे ‘देऊळ आहे म्हणजे शुद्ध शाकाहार’ असं धरू नका. ‘मांस, मासे, दाशी खात नाही’ हे जपानीत लिहून घ्या आणि आरक्षण करतानाच सांगा. जमत नाही म्हणाले तर ‘सुदोमारी’, म्हणजे बिनजेवणाचा मुक्काम मागा. वाटेत भात, तोफू, केळी, सोयादूध आणि उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, यांवर दिवस निघतो. बाकी ओनिगिऱ्यांच्या मसाल्यातही मासा निघू शकतो.

आता ओसेत्ताइ, म्हणजे वाटेवरच्या लोकांनी यात्रेकरूला दिलेली भेट. या वाटेवरची सर्वात सुंदर गोष्ट हीच, असं मी मनापासून म्हणतो. अनोळखी बाई सायकल थांबवून संत्री हातात देते, दुकानदार चहा देतो, कुणी शंभर येनचं नाणं. वारकऱ्याला वाढणारी गावं आपण पाहिलेली असतात, पण इथे देणारा आपल्याला थांबवून, स्वतः वाकून देतो. त्याच्या दृष्टीने तो दाइशींनाच देत असतो, म्हणून ‘नको’ म्हणायचं नाही. दोन हातांनी घ्यायचं, नाव, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याला द्यायची. दहा-वीस चिठ्ठ्या रात्रीच लिहून वरच्या खिशात ठेवा, भर रस्त्यात पेन शोधत त्याला ताटकळत ठेवू नका. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत चिठ्ठी पांढरी. पुढे हिरवी, लाल, रुपेरी, सोनेरी असे रंग येतात. मिळालेले पैसे पुढच्या देवळाच्या पेटीत टाकावेत. अपवाद एकच: गाडीत बसण्याचा आग्रह झाला आणि पूर्ण वाट पायीच करायची असेल तर हात जोडून ‘आरुइते इमासु’, चालतो आहे, एवढं म्हणा. ते समजतात.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर नसतात. संत्र्याची सालंही पिशवीत ठेवून मुक्कामापर्यंत न्यावी लागतात.

मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. जूनमध्ये पावसाळी झड, पुढे उकाडा आणि वादळं. अठ्ठ्याऐंशीवं देऊळ ओकुबोजी. काठी तिथे ठेवता येते, घरीही नेता येते. नंतर बरेच जण तोकुशिमाहून फेरीबोटीने समुद्रापलीकडच्या वाकायामाला आणि तिथून रेल्वे व केबलकारने कोयासान या डोंगरावर दाइशींच्या समाधीला जातात. कोयासानच्या मठांत जेवण खरोखर शाकाहारी मिळतं. शरद ऋतूत जागा लवकर भरतात, म्हणून तिथलं आरक्षण कागावात पाऊल टाकल्याबरोबर करून टाका.